राजहंसाचं पिल्लू घोट्यावर बसतंय: आधी नायसिन बघा

एका पाळणाऱ्याने विचारलंय: राजहंसाचं दहा दिवसांचं पिल्लू उभं राहत नाही, चोच उघडी टाकून धापतं, म्हणून कॅल्शियम सुरू केलंय. त्यांना माझं उत्तर. ते थांबवा, जादा कॅल्शियम मूत्रपिंडावर जातं. कोंबडीच्या पिल्लांच्या स्टार्टर खाद्यावर वाढवलं असेल तर पहिला संशय नायसिनच्या (जीवनसत्त्व बी-3) कमतरतेचा. राजहंसाला किलो खाद्यात 55 ते 70 मिलिग्रॅम लागतं. पाण्यात लिटरला 30 मिलिग्रॅम द्या, पाणी रोज बदला. दोन-तीन दिवसांत जोर येतो. घोट्यावरची शीर (स्नायू हाडाला जोडणारी कंडरा) सरकली असेल तर नुसत्या नायसिनने भागत नाही, डॉक्टरांना दाखवा.

आणि खाली बगॅस (उसाचा चोथा) अंथरलंय ना? आपल्याकडच्या पावसात त्याला लगेच बुरशी धरते. पिल्लू चोच उघडी टाकून धापतंय, पण घरघर नाही, म्हणजे फुप्फुसात बुरशीचा संशय. बुरशी असेल तर अँटिबायोटिक वाया. अंथरूण आजच काढा, कोरडा तूस घाला.