एक्सेप्शन फेकूनही ट्रान्झॅक्शन रोलबॅक होत नाही

नवाजावा: नेटबीन्समध्ये एंटरप्राइझ ॲप्लिकेशनचा प्रोजेक्ट आहे: वेब मॉड्यूल, ईजेबी मॉड्यूल (धंद्याचे नियम सांभाळणारे जावाचे घटक, म्हणजे बीन्स) आणि खाली डेटाबेस. सर्व्हर ग्लासफिश. ऑर्डरचं स्टेटलेस बीन आधी स्टॉक कमी करतं, मग ग्राहकाची क्रेडिट लिमिट तपासतं. लिमिट ओलांडली की मी बनवलेलं एक्सेप्शन फेकतो. स्क्रीनवर एरर येते, ऑर्डर सेव्ह होत नाही, पण स्टॉक कमी झालेला राहतो! ट्रान्झॅक्शन (सगळे बदल एकत्र पक्के, नाहीतर एकत्र रद्द) कंटेनरच, म्हणजे सर्व्हरमधला बीन्स चालवणारा भाग, सांभाळतो ना?

मधलाथर: तुमचा एक्सेप्शन क्लास कशाला एक्स्टेंड करतो?

नवाजावा: थेट एक्सेप्शनला.

मधलाथर: मग कंटेनर नियमाप्रमाणेच वागतोय. चेक्ड एक्सेप्शन (जे पकडणं किंवा जाहीर करणं जावात सक्तीचं) त्याच्या लेखी धंद्याच्या नियमाचा भाग; मेथड त्यातून बाहेर पडली तरी तो कमिट करतो, म्हणजे बदल पक्के करतो. रनटाइम एक्सेप्शन (ज्याला ती सक्ती नाही) आलं तरच आपणहून रोलबॅक, म्हणजे बदल रद्द.

खात्री करून घ्या. वेब मॉड्यूलमधल्या कॅचवर ब्रेकपॉइंट लावा आणि तिथे थांबलेलं असतानाच नेटबीन्सच्या सर्व्हिसेस विंडोतून स्टॉकच्या टेबलवर क्वेरी मारा. आकडा तेव्हाच कमी झालेला दिसेल.

पण म्हणून क्लास नुसता रनटाइमवर नेऊ नका. कंटेनर ते ईजेबीएक्सेप्शनमध्ये गुंडाळून वर पाठवतो, आणि तुमचा कॅच त्याला पकडणारच नाही. तुमच्याच क्लासवर ॲप्लिकेशनएक्सेप्शन हे ॲनोटेशन लावा, त्यात रोलबॅक ट्रू. एक्सेप्शन जसंच्या तसं वर येईल आणि स्टॉकही मागे फिरेल.

आणखी एक, कळकळीने सांगतो: स्टॉक आणि ऑर्डर या दोन मेथड सर्व्हलेटमधून एकामागून एक कधीच बोलावू नका. तिथे ट्रान्झॅक्शन सुरू नसतं, त्यामुळे प्रत्येक कॉलला वेगळं मिळतं. दुसरं फसलं तरी पहिलं केव्हाच कमिट झालेलं असतं. आता एकाच बीनमध्ये आहे ते तसंच राहू द्या.

लॉगवाली: यातच विचारते. ऑर्डर फसली तरी ऑडिटची नोंद राहायला हवी. त्याच बीनमधल्या मेथडवर रिक्वायर्सन्यू (वेगळं नवं ट्रान्झॅक्शन मागणारी खूण) लावलंय, तरी नोंद रोलबॅकसोबत जाते.

मधलाथर: ती मेथड तुम्ही आतल्या आत बोलावताय. असा साधा जावा कॉल कंटेनरच्या प्रॉक्सीतून (बीनपुढे उभ्या मध्यस्थातून) जातच नाही, त्यामुळे ॲनोटेशन कोणी वाचत नाही. ऑडिटचं वेगळं बीन करा आणि ईजेबी ॲनोटेशनने इंजेक्ट करून घ्या.

नवाजावा: ॲनोटेशन लावलं. स्टॉक परत आला, कॅचही चालतोय. आभारी आहे.