शिक्षणाधिकाऱ्यांकडून आस्थापनेचं काम काढून घ्यावं का?

पाटीपेन्सिल (धागाकर्ता)
जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांचा (प्राथमिक) दिवस सेवाज्येष्ठता याद्या, त्यांवरच्या हरकती, विभागीय चौकशा आणि कोर्टातली शपथपत्रं यांत सरतो. शिवाय शिक्षण समितीचं सचिवपद. शाळाभेटी मागे पडतात. माझं मत, आस्थापना (म्हणजे शिक्षकांच्या नेमणुका, बदल्या, सेवेची प्रकरणं) सामान्य प्रशासन विभागाकडे द्या.

सहा_वर्ग_दोन_गुरुजी
अजिबात पटलं नाही. कोणत्या शाळेत किती शिक्षक, यावरच गुणवत्ता उभी आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कोष्टकात पहिली ते पाचवीला 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक, 61 ते 90 ला तीन. आता संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शाळेची शिक्षकपदं मंजूर करताना, गोंधळ कुठे होतो बघा. आधारवरचं नाव किंवा जन्मतारीख शाळेच्या जनरल रजिस्टरशी जुळत नाही, मूल रोज वर्गात बसतं आणि तरी मोजलं जात नाही. काठावरच्या शाळेचं पद अशी दोन-तीन मुलं राहिली तरी धोक्यात येतं. गटशिक्षणाधिकाऱ्यांकडून शाळानिहाय यादी मागवून दुरुस्त्या वेळेत करून घेणं हे शिक्षणाधिकाऱ्यांचंच काम. सामान्य प्रशासनाला त्यातलं काय कळणार?

पाटीपेन्सिल
संचमान्यतेचं मान्य, ते शिक्षण विभागाकडेच राहावं. पण बदल्या तर ऑनलाइन झाल्या ना? मग त्यांत एवढा वेळ का जातो?

सहा_वर्ग_दोन_गुरुजी
कारण पोर्टल भरलेली माहिती खरी धरून चालतं. आजारपणाचं प्रमाणपत्र, पती-पत्नी एकत्रीकरणासाठी 30 किलोमीटरच्या अंतराचा दाखला, हे माणसानेच तपासायचं असतं. तिथे ढिलाई झाली की खऱ्या गरजूची जागा जाते आणि प्रकरण कोर्टात उभं राहतं. तुम्ही म्हणता ती शपथपत्रं तिथूनच येतात.

बीटवाला
दोघांच्याही बोलण्यात डाएट (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था) आलंच नाही. शिक्षकांचं प्रशिक्षण डाएटकडे, ते पुण्याच्या एससीईआरटीखाली (राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद). शिक्षक जिल्हा परिषदेचे. प्रशिक्षणातलं वर्गात उतरलं का, हे बघणारा दुवा म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटावर देखरेख करणारा केंद्रप्रमुख. ते पद रिकामं असलं की एखाद्या शिक्षकाकडे प्रभार जातो आणि त्याचा वर्ग उघडा पडतो. आधी ती पदं भरा.

आणि शाळाभेट म्हणजे नुसती हजेरी आणि पोषण आहाराची नोंदवही बघणं नव्हे. तिसरीतली कुठलीही पाच मुलं घ्या, न वाचलेला उतारा वाचायला द्या, हातच्याची एक वजाबाकी द्या. मग शेरेबुकात मागच्या भेटीचा शेरा काढून त्याचं पुढे काय झालं ते विचारा. एवढं नीट करायला दीड तास लागतो. महिन्याला अशा चार भेटी आस्थापना सांभाळूनही बसतात, फक्त तारखा आधी जाहीर करू नयेत.