मुंबईत हँडहेल्ड डिजिटल स्कॅनर: साठ हजार घालावेत का?

ठाणे_खाडी (धागाकर्ता)

भाचा दिवाळीला अमेरिकेहून येतोय. येताना युनिडेन कंपनीचा एसडीएस १००, म्हणजे वायरलेसवरची बोलणी शोधून ऐकवणारा हातात मावणारा डिजिटल स्कॅनर, आणू का, असं विचारत होता. तिकडे साडेसहाशे-सातशे डॉलर, म्हणजे आपले साठेक हजार, वर कस्टमने अडवलं तर ते निराळं. मी नको म्हणून कळवलं. तर आमच्या ग्रुपवरचे दोघेतिघे मलाच वेड्यात काढतायत, म्हणून इथे धागा काढला.

माझं म्हणणं असं की हे यंत्र अमेरिकेच्या दुखण्यावरचं औषध आहे. तिकडच्या पोलिसांचं आणि फायर ब्रिगेडचं बोलणं बऱ्याच ठिकाणी पी-२५ या डिजिटल पद्धतीवर चालतं, त्यात पुन्हा ट्रंकिंग, म्हणजे बोलणं सुरू असताना फ्रिक्वेन्सी बदलत राहते. एकच संदेश तीन-चार टॉवर एकाच फ्रिक्वेन्सीवर एकदम सोडतात आणि तिथे साध्या डिजिटल स्कॅनरची त्रेधा उडते. एसडीएस १०० चं सगळं नाव झालं ते ही त्रेधा निस्तरल्यामुळे. शिवाय तिथला झिप कोड टाकला की आसपासच्या वाहिन्या आयत्या भरून मिळतात. इथे ठाण्याचा पिनकोड टाकून काय मिळणार, कपाळ? डीएमआर या दुसऱ्या डिजिटल पद्धतीवरचं ऐकायचं तर त्याचे पैसे आणखी वेगळे.

मुंबईत छंद म्हणून कान लावावा असं मुख्यतः विमानं, जहाजं आणि हॅम मंडळी, म्हणजे परवाना काढून हौसेने वायरलेसवर बोलणारे. विमानांचा पट्टा ११८ ते १३७ मेगाहर्ट्झ, तोही एएम! जगभर अजून एएमच, कारण दोन वैमानिक एकदम बोलले तर शिट्टीसारखा आवाज येतो आणि विमानतळाच्या टॉवरला कळतं की कोणाचं तरी बोलणं दबलंय. जहाजं १५६ च्या पुढे, एफएमवर. दोन्ही अॅनालॉग. त्याला युनिडेनचाच दोन पेन्सिल सेलवर चालणारा साधा अॅनालॉग स्कॅनर, बीसी १२५ एटी, रग्गड झाला. ५०० वाहिन्या साठवतो.

---

लोखंडी_पूल

असहमत. एक अमेरिकन यंत्र इथे कुचकामी म्हणून सगळे डिजिटल स्कॅनर कुचकामी, हे कुठलं गणित?

आयकॉमचा आर ३० बघा. १०० किलोहर्ट्झपासून ३.३ गिगाहर्ट्झपर्यंत, दोन पट्टे एकदम ऐकवतो. एका कानाला विमान, दुसऱ्याला जहाज. एओआरचा डीव्ही १० तर टेट्रा ही डिजिटल पद्धतसुद्धा उलगडतो, जे युनिडेन-व्हिसलर या कंपन्यांच्या स्वप्नातही नाही. यांना झिप कोडशी देणंघेणं नाही. आणि हॅम लोक हल्ली डीएमआरवर किती सरकलेत ते जरा पाहा. आज अॅनालॉग घ्याल आणि चार वर्षांनी परत खिशात हात घालाल.

---

ठाणे_खाडी

आर ३० मध्ये डीएमआर नाहीच, साहेब! पी-२५ आहे, एनएक्सडीएन आहे, डी-स्टार आहे, डीएमआर नाही. म्हणजे ज्या डीएमआरसाठी तुम्ही मला डिजिटल घ्यायला लावताय, तेच त्यात ऐकू येणार नाही. आणि डीएमआरवाले हॅम बरेचसे घरातल्या हॉटस्पॉटवरून, म्हणजे रेडिओ इंटरनेटला जोडणाऱ्या छोट्या डबीवरून, इंटरनेटवर जातात. त्या डबीची ताकद काही मिलिवॅट. शेजारच्या विंगमध्ये पोचली तरी खूप.

डीव्ही १० चं म्हणाल तर टेट्रा उघडा असेल तरच तो उलगडतो. एनक्रिप्ट केलेलं असेल तर लाखाच्या यंत्रातूनही खरखरच येणार.

---

कलम_दाखवा

दोघंही तावातावाने भांडताय, पण पहिली पायरी कोणीच चढत नाहीये. १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यात नुसतं यंत्र *बाळगायला* परवाना लागत असे, आणि यंत्राच्या व्याख्येत रिसीव्हरही धरलेला. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात दुसऱ्याचा संदेश बेकायदा मध्येच ऐकला तर ३ वर्षांपर्यंत कैद किंवा २ कोटींपर्यंत दंड, किंवा दोन्ही. २०२५ च्या मे महिन्यात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने परवान्याची माहिती न देता वॉकीटॉकी विकल्याबद्दल ऑनलाइन बाजारांना नोटिसा काढल्या, त्या पेपरात आल्या होत्या. भाच्याच्या बॅगेतून आणलेल्या वस्तूला कागद काय दाखवणार?

आणि कायदा बाजूला ठेवा. अँटेना वर काढलेलं काळं यंत्र घेऊन जरीमरीला रनवेच्या भिंतीपाशी उभे राहा. २६/११ पाहिलेलं शहर आहे हे. हवालदार पी-२५ की एएम असं विचारत बसणार नाही.

---

डोंगल_भाऊ

लोकहो, तीन-चार हजारांत आरटीएल-एसडीआर डोंगल, म्हणजे मोबाइल-लॅपटॉपला लावायचा रिसीव्हर, मिळतो. मुळात टीव्ही बघायची काडी, कोणीतरी तिच्यातून सगळा स्पेक्ट्रम बाहेर काढला. २४ ते १७६६ मेगाहर्ट्झ. ओटीजी केबलने मोबाइलला लावा, पडद्यावर सिग्नलच्या रेघांचा धबधबा दिसतो, कुठे कोण बोलतंय ते डोळ्यांनी कळतं. डिजिटल उलगडायचं तर लॅपटॉपवर सॉफ्टवेअर आहे, नवी पद्धत आली की सॉफ्टवेअर बदला. साठ हजार कशाला हवेत?

@कलम_दाखवा: पेन ड्राइव्हएवढी काडी पाहून कोणी हटकत नाही. (हलके घ्या.)

---

कलम_दाखवा

हटकत नाही म्हणजे चालतं असं नव्हे. सगळ्यांनी आधी हॅमची परीक्षा द्या. रिस्ट्रिक्टेड या खालच्या ग्रेडला मोर्सही लागत नाही, वयाची अट फक्त १२ वर्षं. पण तो परवाना हॅमच्या पट्ट्यांपुरता, हेही सांगून ठेवतो.

---

वेसाव्याची

डोंगल_भाऊ, तुमची काडी घरात ठीक आहे. समुद्रावर नेऊन बघितलीय का कधी? अर्ध्या तासात काडी हात लाववत नाही इतकी तापते, मोबाइल निम्मा उतरतो, आणि उन्हात तो तुमचा धबधबा दिसेल तर शपथ. एका हातात फोन, दुसऱ्यात लोंबणारी केबल. हँडहेल्ड म्हणजे चिंब हातानेसुद्धा बटण दाबता यावं असं यंत्र.

माझ्या दृष्टीने तुमचा सगळा वाद चुकीच्या टोकाला धरलाय. मुंबईत आवाज नीट येतो की नाही हे अँटेना ठरवतो. डब्यातून येणारी बोटभर रबरी अँटेना काढून टाका, ओढून लांब होणारी टेलिस्कोपिक लावा. विमानांसाठी ६० सेंटिमीटर बाहेर काढा. जहाजांच्या १६ नंबरच्या वाहिनीला, म्हणजे १५६.८ ला, ४८ पुरे. पाव तरंगलांबीचा हिशोब आहे, ७५०० भागिले मेगाहर्ट्झ, उत्तर सेंटिमीटरमध्ये. पावसाळ्यात सांध्याला हिरवट गंज चढतो, तो पुसत जा. नाहीतर आवाज बसतो आणि माणूस यंत्राला शिव्या देतो.

ठाणे_खाडी दादा, तुमच्या एएमबद्दल एक: रेल्वेच्या रुळांजवळ राहत असाल तर ओव्हरहेड वायरची ठिणगी थेट एएममध्ये कडकडते. त्यावर ना तुमचा १२५ चालतो, ना लोखंडी पुलाचा आर ३०.

---

ठाणे_खाडी

@वेसाव्याची ताई, अँटेनाचं शंभर टक्के मान्य. गच्चीवर गेलं की ३५ हजार फुटांवरचं विमान चारशे किलोमीटरवरूनही ऐकू येतं आणि त्याला उत्तर देणारा टॉवर मात्र मधल्या इमारती गिळतात. अर्धंच संभाषण! तिथे डिजिटल काय करणार?

@कलम_दाखवा: तुमचा मुद्दा बिनतोड, पण तो माझ्या साध्या यंत्रालाही तितकाच लागतो. त्यावरून साठ हजाराचं समर्थन होत नाही.

---

लोखंडी_पूल

समर्थन मी डोंगलच्या विरुद्ध करतो. ती काडी एका वेळी जेमतेम २.४ मेगाहर्ट्झ बघते. विमानांचा पट्टा १९ मेगाहर्ट्झ रुंद. टॉवर एकीकडे, उतरायला येणाऱ्या विमानांशी बोलणारं अॅप्रोच दुसरीकडे, मधलं कोण बघणार? आता नवी मुंबई विमानतळाची भर पडली, जुहूहून बॉम्बे हायला जाणारी हेलिकॉप्टरं आहेतच. वाहिन्यांवरून झराझरा फिरणारं यंत्र हवं. डिजिटल असो-नसो, महागातल्या रिसीव्हरचा अँटेनाकडून सिग्नल घेणारा पुढचा भाग बळकट असतो, शहरातल्या एफएम केंद्रांच्या रेट्याखाली तो बहिरा होत नाही.

---

डोंगल_भाऊ

रेटा एफएमचा असेल तर ८८-१०८ अडवणारा फिल्टर हजार-दीड हजारात येतो. १९ मेगाहर्ट्झचं मात्र खरंय. दोन काड्या लावल्या तरी पाचच होतात.

---

वेसाव्याची

म्हणजे अजून सहा घ्या. आणि त्या काड्या जोडायच्या यूएसबी हबसाठी वेगळी पिशवी.