आठवड्यात दोन गायक पाहिले: 'मी वसंतराव' आणि 'द डिसायपल'

खर्जबहाद्दर
मंगळवारी 'मी वसंतराव' दुसऱ्यांदा पाहिला, शनिवारी 'द डिसायपल' पहिल्यांदा. दोन्ही आता जुने झाले (पहिला २०२२चा, दुसरा नेटफ्लिक्सवर आला २०२१ला). पण लागोपाठ पाहिल्यामुळे डोक्यात भांडण लागलंय, ते इथे आणून टाकतो.

'मी वसंतराव' बघताना रडलो. राहुल देशपांडे स्वतःच्या आजोबांच्या भूमिकेत 'कैवल्यगान' गायला लागला की कोण नाही रडणार? पण दुसऱ्या दिवशी लोकलमध्ये लटकताना लक्षात आलं, मी वसंतरावांसाठी रडलोच नव्हतो. स्वतःसाठी रडलो होतो. ते चाळिशी उलटेपर्यंत मिलिटरी अकाउंट्समध्ये खर्डेघाशी करत होते, मी बँकेत करतोय. त्यांना 'तुमचं घराणं कोणतं' म्हणून हिणवलं, मला गाण्याच्या मध्यमा परीक्षेत परीक्षकांनी 'आकार उघडा लावा' म्हणून हिणवलं. बघा, किती साम्य! म्हणजे त्यांच्यासारखं 'कट्यार काळजात घुसली' नाटक माझ्याही वाट्याला यायचंच आहे, फक्त फोन यायचा बाकी आहे.

मग शनिवारी 'डिसायपल'मधला शरद नेरूळकर भेटला. हा माणूस काहीही चुकत नाही हो. पहाटे उठून रियाज करतो, गुरुजींचं आजारपण काढतो, रात्री दुचाकीवर गुरुजींच्या गुरू माईंच्या व्याख्यानांच्या टेपा ऐकत फिरतो, तिशी उलटली तरी लग्न नाही. आणि तरीही गाणं येत नाही. म्हणजे येतं, पण *ते* येत नाही. पुढे पोट सुटलेला शरद रात्री स्वतःच्या व्हिडिओखालच्या कॉमेंट वाचत बसतो, तिथे मी टीव्ही पॉज करून पाणी प्यायलो.

माझं मत सरळ आहे. 'मी वसंतराव' आपल्याला गोंजारतो, 'डिसायपल' खरं बोलतो. गाणं शिकलेल्या शंभरातल्या नव्याण्णवांची गोष्ट दुसरी आहे, पहिली नाही. हाणा आता.

ठसका
हाणतेच. माझे सासरे वर्षानुवर्षं सवाई गंधर्व महोत्सवाला जाणारे, सतरंजी, थर्मास, कानटोपी घेऊन. त्यांना कौतुकाने 'डिसायपल' लावून दिला. विसाव्या मिनिटाला घोरत होते, आणि तेही खर्जात. 'वसंतराव' मात्र ताठ बसून पाहिला, मध्ये लघवीलासुद्धा उठले नाहीत.

'डिसायपल'मध्ये कॅमेरा कोपऱ्यात ठेवून सगळे चहाला गेलेत की काय असं वाटतं. आणि ती गाडी! रात्रीचा मोकळा फ्लायओव्हर, आणि हा बाबा इतका हळू की मागून हातगाडीवाला ओव्हरटेक करेल. एकदा ठीक, दोनदा ठीक. हा सिनेमा व्हेनिसच्या महोत्सवासाठी काढलाय, गिरगावासाठी नाही.

खर्जबहाद्दर
व्हेनिसला २०२०मध्ये पटकथेचं बक्षीस मिळालं, हा काय गुन्हा झाला? 'मॉन्सून वेडिंग'नंतर तिथल्या मुख्य स्पर्धेत जवळजवळ वीस वर्षांनी एक भारतीय सिनेमा गेला, आणि तो मराठी होता. गिरगावाने अभिमान बाळगावा.

ठसका
अभिमान बाळगते. जागं राहायचं का, ते विचारा.

डग्गा_फुटका
गाडी हळू आहे कारण माई बोलतायत. दिवसभरात तेवढाच वेळ तो सुखी आहे. बाकी सगळीकडे त्याला कुणीतरी जोखतंय: गुरुजी, परीक्षक, श्रोते. गाडीवर कुणी नाही, फक्त तो आवाज. आणि तो आवाज दिग्दर्शिका सुमित्रा भावेंचा. त्या १९ एप्रिल २०२१ला गेल्या आणि अकरा दिवसांनी हा सिनेमा नेटफ्लिक्सवर आला. मी तेव्हाच पाहिला होता. बाहेर ॲम्ब्युलन्सचे आवाज, आत त्या सांगतायत की मन शुद्ध हवं. मला तरी ती गाडी संपूच नये असं वाटत होतं.

आता तबल्याच्या बाजूने. मी बावीस वर्षं साथ करतोय, बहुतेक हौशी गायकांना. आपल्या सिनेमातल्या मैफली बघवत नाहीत, सम कुठे आणि हात कुठे! इथे आदित्य मोडक शिकलेला गायक आहे (पेशाने सीए, खर्जबहाद्दर, तुमच्याच आकड्यांच्या बिरादरीतला), गुरुजी झालेले अरुण द्रविड मोठ्या गायिका मोगूबाई कुर्डीकर आणि किशोरीताई आमोणकरांकडे शिकलेले. त्यामुळे गुरुजी गात असताना मागे तानपुऱ्यावर बसलेल्या शरदच्या चेहऱ्यावर जे चाललंय ते कुठल्याही वर्कशॉपमध्ये शिकवता येत नाही. तोंडात तीच जागा घोळवतोय, बाहेर काढायची हिंमत नाही.

शरद बेसुरा नाही, हे लक्षात घ्या. बेसुरं गाणं सोपं असतं. इथे चांगल्या गायकाला 'जवळजवळ चांगलं' गायचंय. स्वर जागेवर आहेत, ताना दाणेदार आहेत, समेवर बिनचूक येतोय, आणि अंगावर काटा म्हणून येत नाही. अशा कितीतरी मैफलींत मी बसलोय. तबलजीला पाचव्या मिनिटाला कळतं. गायकाला कधीकधी पन्नाशीत कळतं.

वांगीभात
'कट्यार'च्या सिनेमामध्ये सचिनच्या तोंडून राहुल देशपांडेच गात होता की. म्हणजे एकाच गळ्यावर दोन सिनेमे चालले. तिसऱ्याला वेगळा गळा मिळाला म्हणून चालला नाही. चर्चा संपली, जेवायला चला 😄

क्लासवाल्या_बाई
इतका वेळ नुसतं वाचत होते, पण 'शंभरातले नव्याण्णव' वाचून राहवलं नाही.

मी मिरजेत गाणं शिकवते. एकोणीस वर्षं झाली. स्टेजवर आयुष्यात सहा-सात वेळा गायले असेन, त्यात दोनदा गणेशोत्सवात, आरतीच्या आधी. म्हणजे तुमच्या हिशेबाने मी शरद. 'डिसायपल' बघून लोक मला फोन करतात आणि हळू आवाजात विचारतात, 'पाहिलात का?' जणू माझ्याकडे कुणाचं जाणं झालंय!

माझं भांडण ऐका. खर्जबहाद्दर म्हणतात 'वसंतराव' गोंजारतो आणि 'डिसायपल' खरं बोलतो. मला दोन्ही सिनेमे एकच बोलताना दिसले. दोघांचं माप एकच आहे: स्टेज. एक चढला, एक उतरला. मधलं जग कुणालाच दिसलं नाही.

'डिसायपल'मधला तो प्रसंग आठवा. विद्यार्थ्याची आई येऊन विचारते, मुलाला कॉलेजच्या फ्युजन बँडमध्ये गायचंय, चालेल का? आणि शरद तिला आणि त्या पोराला असं काही टोचून बोलतो की बास. असे गुरू आहेत, मी पाहिलेत. पण सिनेमा तो प्रसंग दाखवतो तो शरदची कडवट झालेली जीभ दिसावी म्हणून. त्या पोराचं पुढे काय झालं, कुणाला पडलंय?

माझ्याकडे अशी आई दर जूनला येते. कुणाला रिॲलिटी शोसाठी 'तीन महिन्यांत तयार' करून हवं असतं, कुणाला दहावीचे वाढीव गुण. मी म्हणते, या. गुणांसाठी आलेल्या बारा पोरांत एखादी अशी निघते की भूप रागातला गंधार पहिल्यांदा नीट लागला की स्वतःच दचकते आणि माझ्याकडे बघते. मध्यमा होईपर्यंत दहावी येते, क्लास सुटतो. पण ती पुढे कुठेही गेली तरी मैफलीत बसल्यावर तिला कळणार आहे काय चाललंय ते. श्रोता काय आभाळातून पडतो? वसंतरावांच्या मैफली भरल्या त्या कोणाच्या क्लासातल्या पोरांनी?

आमच्याकडे दर्ग्याच्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या आठवणीत गायक येऊन हजेरी लावतात. तिथे मोठी नावं असतात तशी कुणालाच माहीत नसलेलीही असतात. सगळे चपला काढून एकाच ठिकाणी बसतात. तिथे मला कधी कुणी 'अयशस्वी' दिसलं नाही.

डग्गा_फुटका
बाई, नमस्कार घ्या. तुमचं श्रोत्यांबद्दलचं मान्य, अगदी मान्य. पण शरदला शिकवायचं नव्हतंच हो, शिकवावं लागलं. सिनेमा त्याच्या डोक्यातून दिसतो. त्याच्या डोक्यात तुमची मिरज नाही, तर कॅमेऱ्यात कुठून येणार?

क्लासवाल्या_बाई
मग दिग्दर्शकाच्या डोक्यात यायला हवी होती.

पूर्वेचा_वारा
'मी वसंतराव'बद्दल कुणीच धड बोलत नाहीये, म्हणून लिहितो. खर्जबहाद्दर, तुम्ही सिनेमा पाहिलात की नुसतं रडलात? तो यशाचा सिनेमा नाहीच. 'कट्यार काळजात घुसली' नाटक आलं १९६७ला, तेव्हा वसंतराव सत्तेचाळीस वर्षांचे. सिनेमाचा मोठा भाग त्याच्या आधीचा आहे: नागपूर, नवऱ्याचं घर सोडून एकटीने पोराला वाढवणारी आई, नोकरी, ईशान्येकडची बदली. आणि मैफल मिळाली तरी घराण्याचे पहारेकरी दारात उभे. शेवटी माझं घराणं माझ्यापासूनच सुरू होतं, असं म्हणायची वेळ माणसावर येते. त्यात गोंजारणं कसलं?

फरक एवढाच की त्या सिनेमात माणसं आहेत. अनिता दातेने आई अशी केलीय की गाणं बाजूला राहतं. 'डिसायपल'मध्ये बाई म्हणजे एक तर टेपवरचा आवाज, नाहीतर रिॲलिटी शोमध्ये जाऊन चकचकीत झालेली मुलगी. शरदची बायको शेवटी ट्रेनमध्ये शेजारी बसलेली दिसते. तिला दोन वाक्यं दिली असती तर व्हेनिसवाले रागावले असते का?

खर्जबहाद्दर
बायकोचा मुद्दा बिनशर्त मान्य. माझी बायकोही तेच म्हणाली, फक्त इतक्या सभ्य भाषेत नाही.

'वसंतराव' यशाचा सिनेमा नाही हे मात्र मान्य नाही. तिकीट काढतानाच शेवट माहीत असतो ना. पडद्यावर माणूस ऑफिसात फायली चाळतोय आणि आपण मनात म्हणतोय, थांब रे, अजून थोडी कळ काढ, पुढे 'कट्यार'मधले खाँसाहेब आहेत. ते हाल गोड लागतात. शरदच्या बाबतीत मी शेवटपर्यंत वाट पाहत होतो आणि काहीच आलं नाही. भर मैफलीत गाता गाता थांबतो आणि उठून जातो, बस. हॉलमध्ये कुणी हंबरडा फोडत नाही, पावसाचे थेंब नाहीत, काही नाही. मी शेवटचा कार्यक्रम केला (सोसायटीची दिवाळी पहाट, श्रोते चौतीस, त्यातले एकोणीस फराळासाठी), तेव्हा असाच मध्येच पाणी प्यायला म्हणून उठलो होतो. परत बसलो नाही. हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

बाई, तुमच्या पोस्टला उत्तर द्यायला बसलो आणि तीनदा खोडलं. माप स्टेजचंच आहे, खरंय. ते सिनेमाचं की माझं, यात माझी गल्लत झाली असावी.

ठसका
अरे देवा, इथे एकदम गंभीर झालं. दिवाळी पहाटेला पुढच्या वर्षी मी येते, फराळ न खाता ऐकेन.

वांगीभात
ते मान्य करतायत तोवर मी एक विचारून घेतो. 'डिसायपल'मध्ये तो समीक्षक बसून माईंबद्दल नाही नाही ते सांगतो आणि शरद त्याच्या तोंडावर पाणी फेकतो, ते सगळं खरं होतं की तो माणूस पिऊन बरळत होता?

डग्गा_फुटका
माझ्या मते खरं. म्हणून तर पाणी फेकलं. थापांवर माणूस हसतो.

पूर्वेचा_वारा
माझ्या मते अर्धं. पण खरं-खोटं महत्त्वाचं नाही, माई माणूस होत्या एवढंच त्याला ऐकायचं नव्हतं. आपल्याकडे गायकांच्या बाबतीत हा रोगच आहे. बुवा रागीट होते म्हटलं तरी लोक मारायला उठतात. 'वसंतराव'मध्येही हा भक्तिभाव आहेच. नातवाने आजोबांवर सिनेमा काढलाय, पाणी कोण फेकणार?

क्लासवाल्या_बाई
हे बरं बोललात.

खर्जबहाद्दर, चौतीसमधून एकोणीस गेले की पंधरा उरतात. माझ्या गुरूंच्या घरच्या बैठकीला अकरा असायचे, आणि त्यातही एक शेजारचे आजोबा फक्त पंख्याखाली बसायला. आणि 'डिसायपल'च्या शेवटी ट्रेनमध्ये गाणाऱ्या त्या माणसाकडे किती जण बघत होते, ते पुन्हा लावून मोजा.

खर्जबहाद्दर
मोजलं. शरद धरून फार कुणी नाही. पण तो ट्रेनमधला गातोय मस्त.

ठसका
ताजी बातमी. काल रात्री सासऱ्यांना 'डिसायपल' परत लावला, तुमच्या भांडणाची हकीकत सांगून. या वेळी जागे राहिले. गाडी आली की हातातला अडकित्ता बाजूला ठेवायचे, माईंचं बोलणं संपलं की परत सुपारी. शेवटी मी विचारलं, कसा वाटला? बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "बाई शहाणी आहे. पण एवढं सगळं सांगते, एकदा तरी गाऊन का नाही दाखवत?"