रोलप्लेइंग गेमचं (टेबलाभोवती बसून एक जण गोष्ट चालवतो, बाकीचे पात्रं होतात) हॉरर सेशन चालवताना किंवा खेळताना खरंच घाबरलात कधी? अनुभव लिहा

विंडोसीट:
काल रात्री पावसात आमच्याकडे लाइट गेली. आईने ओट्यावर मेणबत्ती लावली, लाइट आल्यावर फुंकर मारून विझवली आणि तो विझलेल्या वातीचा वास आला ना, मी तिथेच उभी राहिले. एकदम २०१८ चा मे आठवला, गिरगावातली मैत्रिणीच्या आजीची खोली.

आम्ही पाच जण, टेन कँडल्स. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: टेबलावर दहा छोट्या मेणबत्त्या. फाशांचा रोल फसला की सीन संपतो आणि एक मेणबत्ती जाते. गेलेली परत लावायची नाही. दहावी गेली की सगळी पात्रं मरतात, आणि हे सगळ्यांना पहिल्यापासून माहीत असतं. शिवाय सुरुवातीलाच प्रत्येकाने आपल्या पात्राचा शेवटचा निरोप रेकॉर्ड करून ठेवायचा.

चालवत मी होते. ज्योती हलतात म्हणून पंखा बंद, खिडक्या बंद, मे महिना, सगळ्यांच्या पाठी ओल्या. गोष्ट अशी की सूर्य उगवायचा बंद झालाय, आवाज झाला की काहीतरी येतं आणि हे लोक चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर अडकलेत (खोली तीच, मुद्दाम). जिन्यावर काय आहे ते मी शेवटपर्यंत सांगितलं नाही, मी ठरवलंच नव्हतं. फक्त पायऱ्या मोजत होते. एक. मग थांबायचं. दोन. घोटभर पाणी प्यायचं. तीन.

सहा मेणबत्त्या उरल्या असताना जिन्यावर खरोखर पावलं वाजली. कोणी हललं नाही. दार ढकललं गेलं, वाऱ्याने दोन मेणबत्त्या एकदम गेल्या आणि दारात आजी, हातात ट्रे, "अगं उकडून मराल, पन्हं घ्या." अंधारातच प्यायलो. लाइट लावा असं एकानेही म्हटलं नाही.

शेवटची विझली, काळोखात मी रेकॉर्डिंग लावलं. एक मित्र, एरवी दर दोन मिनिटांनी पीजे मारणारा, त्याचा आवाज: "आई, कुकरची शिट्टी मी काढून ठेवलीय. आवाज होणार नाही. तू झोप." तीन तास आधी तो हे बोलला तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो.

तुमचे लिहा. फसलेले पण चालतील.

करीरोडकर:
कुकरची शिट्टी वाचून काटा आला अंगावर

आम्ही ड्रेड खेळलोय. त्यात फासे नाहीतच, जेंगाचा मनोरा असतो, पात्राला काही अवघड करायचं असेल तर ठोकळा ओढायचा, ज्याच्या हातून मनोरा पडला त्याचं पात्र गेलं. घर आमचं रुळाला लागून, फास्ट लोकल गेली की टेबल थरथरतं आणि वरचा ठोकळा टिकटिक वाजतो. पहिला अर्धा तास आम्ही गाडी जाईपर्यंत थांबायचो मग चालवणारा म्हणाला थांबायचं नाही, गोष्टीत पण गाडी येतेय. बस. त्यानंतर लांबून हॉर्न आला की सगळ्यांचे हात मांडीखाली. पण खरी वाट लागली ती शेवटची गाडी गेल्यावर, एकदम शांत झालं आणि आता ठोकळा ओढायचं थांबायला काही कारणच उरलं नाही. माझ्या बहिणीने ओढला. पडला.

आळशीबोका:
हे लुडोसारखं आहे का? कोण जिंकतं यात

करीरोडकर:
@आळशीबोका कोणीच नाही रे. एक जण गोष्ट चालवतो, बाकीचे एकेक पात्र होतात, तो म्हणतो समोर दार आहे काय करताय, तुम्ही सांगायचं. ये एकदा, कळेल.

पाचवाफासा:
कॉल ऑफ कथुलू, १९८१ चा गेम. पात्राला जीव असतोच, शिवाय सॅनिटी, म्हणजे डोकं किती ठिकाणावर आहे त्याचे गुण. भयंकर काही दिसलं की शंभराचा फासा, उरलेल्या सॅनिटीपेक्षा जास्त पडला की गुण जास्त जातात आणि गेलेले सहज परत येत नाहीत. मूळ गोष्टी बहुतेक १९२० च्या दशकातल्या अमेरिकेतल्या. मी गिरणगावात आणली.

१९८२ च्या जानेवारीत संप सुरू झाला. माझी गोष्ट १९८५ ची. बंद गिरणीचा भोंगा रात्री तीनला वाजतो. सगळ्यांना ऐकू येत नाही. ज्याला येतो तो उठतो, दात घासतो, बायकोला डबा भरायला सांगतो आणि चप्पल घालून निघतो. सकाळी परत येत नाही. एवढंच. राक्षस नाही काही नाही.

लालबागला आमच्याच घरी खेळत होतो, आजोबा आतल्या खोलीत कॉटवर. ते स्पिनिंगला होते, मला वाटलं झोपलेत. भोंग्याचा सीन झाला आणि आतून आवाज आला, "मला यायचा ऐकायला. संपात. वर्षभर." मग बाहेर आले, खुर्ची ओढून बसले, दुसऱ्या पाळीबद्दल बोलत राहिले, कापूस केसात कसा अडकायचा, घरी आल्यावर आजी कंगव्याने कसा काढायची. फासे तसेच पडून राहिले. ते सेशन आम्ही कधीच पूर्ण केलं नाही आणि मला करायचंही नाही. आजोबा २०२१ ला गेले.

विंडोसीट:
@पाचवाफासा काय बोलू. डबा भरायला सांगतो हे फार आत गेलं.

मीठमिरची:
पाचवाफासा, माझे सासरे पण गिरणीत होते, ते कधी बोललेच नाहीत यावर. थँक्यू लिहिल्याबद्दल. (पोळ्या करता करता वाचतेय, एक करपली)

लसूणचटणी:
फसलेला लिहितो. डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, तलवारी-जादूचा गेम) मध्ये पडका वाडा, आत हडळ. पाचव्या लेव्हलचे हिरो होते सगळे, मी दहा मिनिटं वर्णन केलं, पैंजणांचा आवाज वगैरे, आणि एक जण म्हणाला, मी तलवार मारतो, किती लागलं? तिथेच संपलं. हडळीचे हिट पॉइंट (जीव किती उरला त्याचे गुण) आले की ती हडळ राहत नाही, मारायची वस्तू होते. पुढच्या वेळी त्याच लोकांना तलवारी काढून घेतल्या आणि एक आजारी लहान मुलगी सांभाळायला दिली, तिला घेऊन रात्रभरात खाडी ओलांडायची. कोणी जोरात बोललं तरी शू करत होते एकमेकांना.

कोकणकडा:
हडळ वाड्यात कशी? वाड्यात समंध पाहिजे ना, धन राखणारा

मीठमिरची:
आमच्याकडे मुंजा फक्त, पिंपळावर. आजी म्हणायची दिवेलागणीनंतर नावं घेऊ नका, आता वाजले किती बघा

कोकणकडा:
साडेसात. घेतली नावं, झालं

निळीछत्री:
थोडं वेगळं. आमच्या गेममध्ये गोष्ट पुरात अडकलेल्या लोकलची होती. चालवणाऱ्याने चांगली बांधली होती, पाणी आधी रुळांवर, मग पायरीला, मग डब्यात, आणि पाण्याखालून कोणीतरी डब्याला टकटक करतंय. मी २६ जुलै २००५ ला नऊ वर्षांची होते. सांताक्रूझला त्या दिवशी ९४४ मिमी पडला. बाबा फोर्टहून मालाडला चालत आले, दुसऱ्या दिवशी दुपारी, तोपर्यंत फोन नाही काही नाही, आई रात्रभर गॅलरीत उभी. पाणी सीटपर्यंत आलं असं चालवणारा म्हणाला आणि माझे हात गार पडले.

टेबलावर एक्स कार्ड होतं, साधा कागद, त्यावर फुली. कोणी हात लावला की तो भाग सोडून द्यायचा, कारण विचारायचं नाही. मी बोट ठेवलं. त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाला, "पाऊस थांबलाय. गाडी हळूहळू निघाली." आणि पुढे गेला. बाकीच्यांना कोणी बोट ठेवलं ते कळलंही नसेल. आजही त्याचे आभार मानावेसे वाटतात.

करीरोडकर:
माझा काका पण त्या दिवशी कुर्ल्याला अडकला होता. नीट आहेस ना ग?

निळीछत्री:
@करीरोडकर हो रे. आता मीच चालवते, पूर सोडून सगळं.

शेवटचाडबा:
लॉकडाऊनमध्ये कॉलवर खेळायचो. सगळ्यांचे कॅमेरे बंद, खोलीत अंधार. मी एकेकाला वेगळा मेसेज करायचे, "तुला वाटतंय की यातला एक आवाज तुझ्या मित्राचा नाही." सगळ्यांना एकच मेसेज!! कोणालाच माहीत नव्हतं की बाकीच्यांनाही तोच गेलाय. दोन तास कोणी कोणाचं ऐकेना, साधं "डावीकडे जाऊ या" म्हटलं तरी समोरचा गप्प. एकाने तर शाळेतल्या बाईंचं नाव विचारलं, खरा मित्र आहे की नाही बघायला

आळशीबोका:
उत्तर बरोबर आलं का?

शेवटचाडबा:
चुकलं. त्याला खरंच आठवत नव्हतं. बिचारा शेवटपर्यंत शपथा घेत होता

विंडोसीट:
आत्ता त्या पीजेवाल्या मित्राला मेसेज केला. त्याच्याकडे ते रेकॉर्डिंग अजून आहे. तो म्हणतोय परत बसू या, दादरला त्याच्या घरी, येत्या शनिवारी. दोन जागा आहेत.

आळशीबोका:
मी येतो. पंखा चालू असेल ना?

विंडोसीट:
बंद.

मीठमिरची:
मी पण. पन्ह्याला आता कैऱ्या नाहीत, कोकम सरबत चालेल का