मदत हवी आहे: बाबांच्या सीओपीडीचा डिस्चार्ज पेपर

नमस्कार मंडळी, आम्ही डिचोलीचे. बाबांना सीओपीडी (श्वासनलिका अरुंद होऊन दम लागतो तो फुफ्फुसांचा जुनाट आजार), पाऊस लागला की दम उसळतोच. परवा हॉस्पिटलातून घरी आणलं. पेपरवर प्रेडनिसोलोन (स्टेरॉइडची गोळी) 40 मिग्रॅ, पुढे नुसतं 'चालू ठेवा'. किती दिवस, ते नाहीच! 'गोल्ड' या सीओपीडीवरच्या जागतिक गटाच्या मार्गदर्शक सूचनांत 5 दिवस म्हटलंय, आणि अशा पेशंटचा ऑक्सिजन 88 ते 92 टक्क्यांत ठेवायला. वॉर्डात मात्र 99 दिसलं की सगळे खूश. इन्हेलर कसा ओढायचा तेही कुणी करून दाखवलं नाही. बाबा तो अत्तरासारखा फुसकन मारतात. गोळ्या आपल्या मनाने थांबवणार नाही, काळजी नसावी. पण म्हापसा-पणजीकडे छातीचे कोणते डॉक्टर नीट वेळ देतात? आणि फेरतपासणीला नेमकं काय काय विचारू?