शाळा पुन्हा रुळावर येताना : कोल्हापूर परिसरातील अनुभव

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा दहावीचा भूगोलाचा पेपर राहिला होता आणि तो अखेर रद्दच झाला. त्यानंतर २३ नोव्हेंबर २०२० पासून नववी ते बारावीचे आणि २७ जानेवारी २०२१ पासून पाचवी ते आठवीचे वर्ग सुरू झाले, पण दुसऱ्या लाटेत ते पुन्हा थांबले. ४ ऑक्टोबर २०२१ ला ग्रामीण भागात पाचवीपासून आणि शहरात आठवीपासून शाळा उघडल्या, जानेवारी २०२२ मध्ये परत काही काळ कुलूप लागले, आणि महासाथीनंतरचे पहिले अखंड शैक्षणिक वर्ष उजाडायला जून २०२२ यावा लागला. टाळेबंदीतल्या ऑनलाइन तासांविषयी पुष्कळ लिहून झाले आहे. मुले वर्गात परत आल्यानंतर शाळा पूर्ववत व्हायला काय काय लागले, याविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही. त्याच काळातले अनुभव इथे लिहावेत, अशी शिक्षक, पालक, शिक्षकेतर कर्मचारी आणि तेव्हाचे विद्यार्थी अशा सर्वांना विनंती आहे. शाळेचे किंवा कोणा व्यक्तीचे नाव घेऊ नये.

सुरुवात मीच करते. मी शहरातील एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. माझे मत असे आहे की बुडालेला अभ्यासक्रम भरून काढणे हे त्यातल्या त्यात सोपे काम होते, कारण तो निदान पाठ्यपुस्तकात छापलेला होता. शाळेतल्या ज्या गोष्टी कुठेच लिहिलेल्या नसतात आणि वरच्या वर्गातील मुलांकडे पाहून खालची मुले शिकत जातात, त्या परत आणणे फार अवघड गेले. परिपाठाचेच पाहा. आमच्याकडे परिपाठ नववीची मुले घेतात. प्रार्थना कोणी सुरू करायची, प्रतिज्ञा सांगताना कुठे थांबायचे, सुविचार, दिनविशेष आणि बातम्या यांचा क्रम कोणता, हे त्यांना कोणी वेगळे शिकवत नाही. आठवीत असताना ती नववीचे पाहतात. जून २०२२ मध्ये नववीत आलेल्या मुलांनी नेहमीसारखा भरलेला परिपाठ शेवटचा पाहिला होता तो सहावीत असताना. पहिल्या दिवशी ध्वनिक्षेपकासमोर चार मुली उभ्या राहिल्या आणि प्रतिज्ञेच्या दुसऱ्याच वाक्यानंतर एकमेकींकडे पाहू लागल्या. त्यांना प्रतिज्ञा पाठ होती. समोरची शेकडो मुले आपल्या मागून ते वाक्य म्हणणार आहेत आणि तोवर आपण थांबायचे आहे, एवढेच त्यांना माहीत नव्हते.

ते राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचे वर्ष होते. ६ मे रोजी सारे कोल्हापूर १०० सेकंद स्तब्ध उभे राहिले होते, त्यामुळे २६ जूनची जयंती शाळेनेही उत्साहाने साजरी करावी असे सर्वांनाच वाटत होते. रविवार असूनही मुले आली. वक्तृत्वासाठी नाव दिलेल्या एका मुलीने वसतिगृहांविषयी आणि १९१७ च्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाच्या कायद्याविषयी सुरेख भाषण तयार केले होते. आदल्या दिवशी ती मला विचारत होती, "बाई, बोलताना बघायचं कुठं?" दोन वर्षे तिने मोबाइलच्या कॅमेऱ्याकडे पाहून भाषणे पाठवली होती. आम्ही रिकाम्या सभागृहात शेवटच्या रांगेत एक शिपाईमामा बसवले आणि त्यांच्याकडे पाहून तिने सराव केला.

गणिताच्या शिक्षिका, करवीर तालुका

ऑक्टोबर २०२१ मध्ये आठवीच्या पहिल्या लेखी चाचणीचे पेपर तपासताना मला जे दिसले ते नोंदवते. उत्तरे बऱ्याच जणांची बरोबर होती, पण पायऱ्या नव्हत्या. वर्षभर पर्यायांवर टिचकी मारून चाचण्या दिलेल्या मुलांना आपण उत्तरापर्यंत कसे पोचलो हे कागदावर मांडायचे असते, याचाच विसर पडला होता. समास सोडलेला नव्हता, प्रश्न क्रमांक घातलेले नव्हते, काहींनी पानाच्या मधूनच सुरुवात केली होती. सर्वांत जास्त काळजी वाटली ती वेगाची. तासाभराच्या चाचणीत वीस मिनिटांनंतर मुले पेन ठेवून बोटे चोळू लागायची. "मॅडम, हात भरून आला ओ," हे वाक्य त्या महिन्यात मी किती वेळा ऐकले असेल!

सेतू अभ्यासक्रमाविषयी दोन शब्द लिहिते. राज्यात १ जुलै २०२१ पासून ४५ दिवसांचा सेतू अभ्यास आखला होता आणि मागील इयत्तेतील महत्त्वाच्या क्षमतांची उजळणी हा त्याचा हेतू अगदी योग्य होता. परंतु आमच्याकडे तो मोबाइलवरच उरकला गेला, आणि त्याच जुलैत पंचगंगेने ४३ फुटांची धोका पातळी ओलांडून कितीतरी वर मजल मारली. चिखली-आंबेवाडीकडील मुलांची कुटुंबे जनावरांसह स्थलांतरित झाली. त्यांच्या वह्या-पुस्तकांचा लगदा झाला होता. कोल्हापूरच्या पूरपट्ट्यातील मुलांच्या बाबतीत ऑगस्ट २०१९ चा पूर, नंतर महासाथ आणि मग २०२१ चा पूर अशी ओळीने तीन वर्षे विस्कटली, ही गोष्ट बाहेरच्या लोकांच्या सहसा लक्षात येत नाही.

आम्ही केलेला उपाय साधा होता. दिवाळीनंतर प्रत्येक दिवशी पहिल्या तासाची पहिली दहा मिनिटे मुलांनी फळ्यावरचा मजकूर समास सोडून, सुवाच्य अक्षरात उतरवून घ्यायचा. विषय कोणताही चालेल, शिक्षक कोणीही असोत. गणिताच्या तासाला मी परिच्छेदाऐवजी सोडवलेले उदाहरण लिहायची. यात वेळ वाया जातो असे काही सहकाऱ्यांना वाटले, आणि अभ्यासक्रमातला २५ टक्के भाग वगळलेला नसता तर मीही कदाचित इतका वेळ देऊ शकले नसते. फेब्रुवारीपर्यंत बहुतेकांचे हात पुन्हा वळू लागले.

पालक, राधानगरी तालुका

माझी मुलगी तेव्हा नववीत होती. गावात शाळा सातवीपर्यंत आहे, पुढे एस.टी.नेच जावे लागते. मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून मोफत पास मिळतो, म्हणून निदान प्रवासाची चिंता नव्हती. ऑक्टोबरमध्ये शाळा उघडली, पोरगी आनंदाने जाऊ लागली आणि दिवाळीच्या सुमारास एस.टी.चा संप सुरू झाला. तो एप्रिलपर्यंत चालला. कर्मचाऱ्यांच्या मागण्यांविषयी माझ्या मनात आदरच आहे, कारण आमच्याच भावकीतले लोक त्या नोकरीत आहेत. पण त्या काळात मुलींचे काय झाले हे कुठेतरी लिहिले जावे असे वाटते. वडापला रोजचे पैसे द्यावे लागत, शिवाय जीप भरल्याशिवाय सुटत नसे, म्हणजे पहिला तास हमखास बुडायचा. उसाचा हंगाम होता, रस्त्यावर ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्या चालू होत्या, त्यामुळे मुलींना सायकलवर पाठवायला कोणी धजत नव्हते. अखेर आम्ही वाडीतल्या चार-पाच घरांनी मिळून आळीपाळीने मोटारसायकलवरून मुली पोचवायचे ठरवले. ज्या घरात मोटारसायकल नव्हती तिथली एक मुलगी आधी आठवड्यातून तीन दिवस, मग दोन दिवस आणि मग यायचीच बंद झाली. तिला आमच्या गाडीवर घेऊ, असे सांगायला मी तिच्या आईकडे गेले. "रोज रोज कुणाला सांगायचं?" एवढेच ती म्हणाली. शाळेतल्या बाईंनी घरी येऊन समजावल्यावर जूनपासून ती परत जाऊ लागली. तोवर बसही सुरू झाली होती.

शाळेतील शिपाई, कोल्हापूर शहर

आमची शाळा आधी विलगीकरणासाठी आणि नंतर पूरग्रस्तांसाठी दिली होती. उघडायच्या आधी आम्ही बाके बाहेर काढून धुतली, टाकी दोनदा घासली. खडूच्या खोक्यांना ओल लागली होती, ते उन्हात वाळवले. विजेची घंटा चालेना म्हणून पितळी टोल काढून अडकवला. नवीन मुलांना टोल किती पडले की काय, हे ठाऊक नव्हते. मधल्या सुट्टीचा टोल दिला तरी वर्ग शांत बसून राहायचे, कारण अंतर ठेवायचे म्हणून सुरुवातीला सुट्टीच नव्हती आणि डबा जागेवर बसूनच खायचा होता. पुढे सुट्टी सुरू झाल्यावर मीच प्रत्येक वर्गाच्या दाराशी जाऊन सांगायचो, बाळांनो, आता बाहेर जायचं असतं.

माजी विद्यार्थी, दहावी २०२२

आमच्या आधीच्या तुकडीची परीक्षा झालीच नाही. नववीच्या निकालावरून ५० आणि दहावीच्या मूल्यमापनावरून ५० असे त्यांचे गुण धरले गेले. आमची परीक्षा होणार की नाही, याविषयी जानेवारीपर्यंत रोज नवी अफवा असायची. १५ मार्चला मराठीच्या पेपराने ती सुरू झाली. आपल्याच शाळेत केंद्र, ७५ टक्के अभ्यासक्रम आणि मोठ्या पेपराला अर्धा तास जादा, अशी सवलत होती. लोक म्हणत, यांचे सोपे झाले. मला मात्र तो जादा अर्धा तास पूर्ण लागला, कारण इतका वेळ सलग बसून लिहायची ती माझी कितीतरी दिवसांनंतरची पहिलीच वेळ होती. आमच्या सरांनी डिसेंबरपासून दर शनिवारी पूर्ण वेळेचा पेपर बसवून घेतला. शंका विचारायची नाही, पाणी प्यायला उठायचे नाही, पुरवणी स्वतः बांधायची. तेव्हा त्यांचा राग यायचा. "कोरोना बॅच" हा शब्द अकरावीच्या प्रवेशापासून आजवर ऐकत आलो आहे आणि त्याचे अजूनही वाईट वाटते.

मुख्याध्यापक, हातकणंगले तालुका

हजेरीपटावर नाव होते, बाकावर मुलगा नव्हता. आमच्या भागात घरोघरी चांदीचे काम चालते, जवळच इचलकरंजीचे यंत्रमाग आहेत. शाळा बंद असताना घरच्यांनी मुलांना हाताशी घेतले यात त्यांचा दोष मी मानत नाही, कारण अनेकांचे उत्पन्न थांबले होते. पण नववीतला जो मुलगा वर्षभर पैंजणांना घुंगरे जोडून आठवड्याला घरात पैसे देत होता, त्याला "आता सोड आणि शाळेत ये" असे सांगणे म्हणजे त्या घराच्या हिशेबात हात घालणे होते. आम्ही शिक्षकांनी गल्ल्या वाटून घेतल्या आणि संध्याकाळी घरी जाऊ लागलो. सकाळी गेले की वडील भेटत नाहीत आणि वडील भेटल्याशिवाय निर्णय होत नाही, हे पहिल्या आठवड्यातच कळले. काही ठिकाणी तडजोड करावी लागली: शाळा पूर्ण वेळ, काम संध्याकाळी आणि परीक्षेच्या महिन्यात बंद. बालमजुरीला मूकसंमती दिल्यासारखे होते म्हणून ही तडजोड मला आजही बोचते, तरी तिच्यामुळे काही मुले दहावी झाली हेही खरे आहे. दोघे जण परत आलेच नाहीत. त्यांतल्या एकाने नंतर १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षा दिली. मुलींच्या बाबतीत लग्ने ठरली होती. एक आम्हाला थांबवता आले. त्याविषयी अधिक लिहिणे त्या मुलीच्या हिताचे नाही.

पालक, कोल्हापूर शहर

सर्व मुलांना शाळा उघडल्याचा आनंद झाला, असे गृहीत धरू नये म्हणून लिहीत आहे. माझा मुलगा बोलताना अडखळतो. ऑनलाइन तासाला तो उत्तरे टंकून पाठवायचा आणि वर्गातील हुशार मुलांत पहिल्यांदाच त्याचे नाव घेतले जाऊ लागले होते. सातवीत तो वर्गात परत गेला आणि हात वर करणेच त्याने बंद केले. त्याच्या पोटात दुखायचे ते नेमके सोमवारी. इतिहासाच्या शिक्षिकांनी आपण होऊन एक गोष्ट सुरू केली: तासाच्या शेवटी प्रत्येकाने एका चिठ्ठीवर एक उत्तर किंवा एक प्रश्न लिहून द्यायचा, आणि त्यातल्या चार-पाच त्या दुसऱ्या दिवशी वर्गात वाचायच्या. ही सोय फक्त त्याच्यासाठी असती तर तो आणखी आक्रसला असता. ती सर्वांसाठी होती. पूर्वीची सगळी घडी जशीच्या तशी परत आली पाहिजे, असे म्हणणाऱ्यांनी तिच्यात मागे राहणाऱ्या मुलांचाही विचार करावा.

क्रीडाशिक्षक

फुटबॉलच्या या गावात मैदानाला एक फेरी मारून मुले खाली बसली, एवढेच सांगतो. पहिले दोन महिने चेंडू बाहेर काढलाच नाही.

धागाकर्ती

चिठ्ठीचा प्रयोग आम्हीही यंदा करून पाहतो आहोत. मुख्याध्यापक सरांनी घरभेटीच्या वेळेविषयी लिहिले आहे, ते नव्या शिक्षकांनी अवश्य वाचावे.

दहावीच्या वर्गशिक्षिका, २०२२-२३

माझ्या तुकडीला सर्वांत कठीण वर्ष मिळाले असे मला वाटते. ही मुले सातवीत असताना शाळा बंद झाल्या, आठवी मोबाइलवर आणि नववी तुकड्यातुकड्यांत गेली, आणि दहावीत मात्र अभ्यासक्रम पूर्ण १०० टक्के झाला, केंद्र पुन्हा दुसऱ्या शाळेत गेले, अर्धा तास जाऊन शेवटची १० मिनिटेच जादा राहिली. राज्याचा निकाल २०२२ च्या ९६.९४ टक्क्यांवरून ९३.८३ टक्क्यांवर आला, तेव्हा "मुले अभ्यास करीत नाहीत" अशी चर्चा पालकसभेत झाली. ती ऐकून मला राहवले नाही आणि मी तिथेच उभी राहून त्यांची चारही वर्षे मांडली. केंद्र दुसऱ्या शाळेत म्हणताच मुलांच्या चेहऱ्यावर जी भीती दिसली, तिच्यासाठी आम्ही पूर्वपरीक्षा शेजारच्या शाळेशी बोलून अदलाबदल करून घेतली. त्यांची मुले आमच्याकडे, आमची त्यांच्याकडे. अनोळखी वर्ग, अनोळखी पर्यवेक्षक, बाकावर आपला बैठक क्रमांक शोधणे, या सगळ्याची एकदा तालीम झाली. यंदाच्या तुकडीला तिची गरज नाही असे काही जण म्हणतात. आम्ही दोन्ही शाळांनी ती चालूच ठेवली आहे.